‘प्राचल’ म्हणू की ‘नोंद’? आणि ‘अठरावा बाइट’ म्हणजे कितवा?

सोलापुरात अक्कलकोट रोडला जॅकार्डची (मागावर नक्षी विणायच्या यंत्रणेची) डिझाइनं संगणकावर करणाऱ्या मुलांसाठी बीएमपी या चित्रफाइलीच्या रचनेचं मराठी टिपण करतोय. पॅरामीटरला काय लिहू? परिभाषेतला ‘प्राचल’ लिहिला, तर मुलं म्हणाली, हे काय अचल-प्राचल ओ सर? ‘मापदंड’ निकषासारखा वाटतो. ‘परिमाण’ लिहिलं की निम्मे ‘परिणाम’ वाचतात.

प्रतिसाद: प्राचल गणितात, संख्याशास्त्रात राहू दे. फाइलीच्या हेडरमधल्या, म्हणजे सुरुवातीच्या माहितीतल्या, आकड्याला ‘नोंद’ पुरे. रुंदीची नोंद, उंचीची नोंद. सोलापुरात रुंदीला ‘पन्हा’ म्हटलंत तर आणखी बरं.

पन्हा नको. पन्हा म्हटलं की पोरं इंच मोजणार, इथे ठिपके (पिक्सेल) मोजायचेत. ‘नोंद’ घेतो. पण खरी पंचाईत पुढेच झाली. मी लिहिलं, ‘रुंदी अठराव्या बाइटपासून’ (बाइट म्हणजे फाइलीतला 0 ते 255 मधला एक आकडा). एका मुलाने एकपासून मोजत अठरावा गाठला आणि तिथून चार बाइट वाचले. डिझाइन 480 ठिपक्यांचं, त्याला रुंदी मिळाली 1,22,880. बरोबर 256 पट! फाइलीत मोजणी शून्यापासून, त्यामुळे तो एक बाइट आधीच थांबला होता.

प्रतिसाद: चूक त्याची नाही, ‘अठरावा’ची आहे. आपल्याकडे पाणी ‘चार दिवसांआड’ म्हणजे चौथ्या दिवशी की पाचव्या, यावर नळावर भांडणं होतात, तुम्ही बाइटचं काय घेऊन बसलात. सरळ लिहा, ‘पहिले 18 बाइट सोडून पुढचे 4’. ‘पर्यंत’सुद्धा तसाच दगाबाज. शुक्रवारपर्यंत द्या म्हटलं तर शुक्रवारी दिलेलं चालतं, पण भिंतीपर्यंत गेलो म्हणजे भिंतीत शिरलो नाही. म्हणून बाइटची किंमत लिहिताना ‘0 ते 255, दोन्ही धरून’. ‘धरून’ आणि ‘सोडून’ असताना नवे शब्द कशाला पाडायचे?

प्रतिसाद: उंचीचं मात्र नीट लिहा. तिथे उणे आकडा चालतो. ‘ऋण उंची’ लिहू नका, कर्ज काढल्यासारखं वाटतं. ‘उंची अधिक असेल तर फाइलीतली पहिली ओळ चित्राच्या तळाची, उणे असेल तर माथ्याची’ एवढं बास.

यातलं ‘अधिक’ बदलतो, नाहीतर ‘जास्त उंच’ असा अर्थ घेतील. ‘शून्याच्या वर’ बरं. तळापासून सुरुवात मात्र विणकराच्या पोराला समजवावी लागत नाही, आलेखकागदावरही पहिला आडवा धागा तळालाच असतो. उणे उंचीलाच पोरं बिचकली.

आता ओळ अशी आहे: ‘रुंदी: पहिले 18 बाइट सोडून पुढचे 4, पूर्णांक, एकक ठिपका, चारांतला सर्वांत कमी स्थानिक किमतीचा बाइट आधी.’ त्याच मुलाला वाचायला दिली. बोटं मोजली आणि म्हणाला, “म्हणजे एकोणिसावा की ओ!” या वेळी 480 आले.