मदत हवी आहे: चिली केली, पण झाली पातळ उसळ!

मंडळी, भाचा टेक्सासहून आलाय आणि त्याला घरची चिली हवीय. आपली चायनीज गाडीवरची नव्हे, खिमा-राजमावाली. तिकडे बीफ घालतात. आपल्याकडे २०१५पासून गोवंशाला बंदी, म्हणून मी म्हशीचा अर्धा किलो खिमा आणला.

पहिला प्रयत्न फसला. रात्रभर भिजवलेला पाव किलो राजमा टोमॅटोसकट कुकरला लावला. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाण्याच्या पोटात खडा तसाच! सासूबाई म्हणाल्या, आंबट आधी घातलं की कडधान्य शिजायला हटून बसतं. ते पटलं, आता राजमा वेगळा शिजवेन.

पण खिम्याला इतकं पाणी सुटलं की रस्सा पाव बुडवून खाण्याइतका पातळ. दाट कसा करू? मक्याचं पीठ लावू, की थोडा राजमाच ठेचून घालू? ब्याडगी वापरू की काश्मिरी? जिरेपूड घालणारच, पण धणे घातले तर चव पुन्हा उसळीकडे जाईल का? ओरेगॅनोची चिंता नाही, पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांनी ड्रॉवर भरलाय.

भाचा म्हणतो, अस्सल टेक्सासवाले चिलीत राजमा घालतच नाहीत. म्हटलं, दहा माणसांना मग तूच पुरव खिमा!

रविवारी दुपारी करायचीय, लवकर सांगा.