वेड लागायचे दिवस संपले म्हणे!

मारवा:
आमच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलंय की रील बघणाऱ्या पिढीला गाण्याचं वेड लागूच शकत नाही, त्यासाठी तासन्‌तास बसून ऐकायची सवय हवी. डोकंच फिरलं वाचून. अहो, भीमसेनजी १९३३ साली गदगच्या घरातून पळाले ते कशापायी? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटी रागातल्या रेकॉर्डपायी. ७८ची रेकॉर्ड, एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची! अकरा वर्षांच्या पोराला तेवढं पुरलं. माझ्या भाचीने मोबाईलवर कुमार गंधर्वांच्या गाण्याचा एक छोटासा तुकडा ऐकला आणि तेव्हापासून घरात दुसरं काही लागत नाही. मग तिचं वेड खोटं का?

कसबापेठ:
अर्धीच गोष्ट सांगताय. रेकॉर्ड तीन मिनिटांची, पण पुढचं काय? ग्वाल्हेर, जालंधर असं वणवण फिरून शेवटी कुंदगोळला गायक सवाई गंधर्वांच्या दारात, तिथे घरची पडेल ती कामं केली आणि पलटे, म्हणजे सुरांचे सराव, घासले, वर्षानुवर्षं. ते वेड. क्लिप आवडणं वेगळं. आम्ही पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला रात्रभर बसायचो, डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून, आणि उजाडताना ललत राग ऐकून घरी जायचो ते कुणाशी बोलावंसंच वाटायचं नाही दिवसभर. आता दहा वाजले की स्पीकर बंद. दरबारी, मालकंस हे रात्रीचे राग घाईघाईत उरकायचे आणि पहाटेकडचा सोहोनी तर विसराच. माणूस भारावणार कधी? नियमानेच मारलंय सगळं.

डॉक्टरीणबाई:
नियमाला नावं ठेवू नका हो. माझी आई अंथरुणाला खिळलेली असताना शेजारच्या मैदानात रात्री एकपर्यंत स्पीकर चालायचे, खिडक्यांची तावदानं थरथरायची. आईचे ते हाल मी बघितलेत. तुम्ही भारावणार म्हणून आजूबाजूच्यांनी जागं राहायचं का?

कसबापेठ:
डीजे आणि तंबोरा एकाच मापाने मोजता? कमाल आहे!

डॉक्टरीणबाई:
हो, मोजते. पोलिसाने काय राग ओळखून परवानगी द्यायची?

नाशिककाका:
दोघंही नियम न वाचता भांडताय. रात्री १० ते सकाळी ६ ही बंदी आहे, पण बंद सभागृहात आतल्यापुरता स्पीकर चालतो. शिवाय सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत रात्री १२पर्यंत सूट देऊ शकतं. रात्रभराची मैफल हवीये ना, मग नाट्यगृहात करा, अडवलंय कोणी?

कसबापेठ:
सभागृहात मावणार किती आणि तिकीट केवढ्याला? मांडवाच्या कनातीला टेकून फुकट ऐकणारे रिक्षावाले, हमाल, शिकणारी पोरं मी बघितलीत, त्यांना कुठे बसवणार ते सांगा. आणि दिवाळी पहाटचं नाव काढू नका. तिथे निम्मे लोक पैठणी आणि फोटोसाठी येतात.

सोहोनी:
मी येते दिवाळी पहाटला, पैठणी नेसून येते आणि फोटोही काढते. मागच्या वर्षी भटियार राग सुरू झाला तेव्हा मात्र रडले, शेजारच्या अनोळखी आजीने हात धरला माझा. तुमचं तेवढं खरं आणि आमचं नाटक, हे कुणी ठरवलं?

मारवा:
गाडी मूळ मुद्द्यावर आणा की! कसबापेठ, तुम्हीच कुंदगोळ काढलंत म्हणून सांगतो. सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य. म्हणजे तीन मिनिटांत जो गळा मनात बसला, त्याच गळ्याची तालीम मिळेल अशा दारात हा पोरगा जाऊन पोचला. मेहनत नंतर केलीच, पण ती करायचं बळ त्या तीन मिनिटांतूनच आलं ना? आणि रात्रभर बसून ऐकणारे हजारो होते, त्यातले किती घर सोडून शिकायला गेले?

कसबापेठ:
बरं बाबा, तीन मिनिटांचं मान्य. एवढंच मान्य. भाचीला म्हणावं आता पूर्ण ख्याल ऐक, मोबाईल बाजूला ठेवून, आणि गुरू शोध. ॲपवरचा तंबोरा चूक दाखवत नाही. आणि डॉक्टरीणबाई, आईंचं वाचून वाईट वाटलं, पण दहाच्या नियमावर मी मागे हटणार नाही.

डॉक्टरीणबाई:
मीही नाही.