सेल्टिक कथांसारखं 'पलीकडचं जग' आपल्या वावरात कुठून उघडावं?

धुरेकरी:
राम राम मंडळी. एक लांब गोष्ट लिहून राहिलो, आयरिश सेल्टिक कथांमधल्या तीर ना नोगवरून, म्हणजे कोणी म्हातारं न होणाऱ्या पलीकडच्या देशावरून सुचली पण जग माझं सोताचं हाय. त्या कथेत ओशीन नावाचा गडी तिथल्या नीव्ह नावाच्या राजकन्येसोबत पांढऱ्या घोड्यावर बसून तिकडं जाते, त्याले वाटते ३ वर्षं झाली अन् इकडं ३०० होऊन जातात, परत आल्यावर घोड्यावरून पडते अन् अंग जमिनीले टेकताच म्हातारा. माझ्या गोष्टीत मोहफुलं वेचाले गेलेली पोरगी तिकडं जाते. वाट विहिरीतून दिली तर पाताळच वाटून राहिलं. काय करू?

टेकाडावरचा:
विहीर नको भाऊ. त्यायचं ते जग बहुतेक आपल्याच बाजूले असते, टेकाडाच्या पोटात नाहीतर समुद्रापलीकडं. आयर्लंडात न्यूग्रेंज नावाचं थडग्याचं जुनं टेकाड हाय, इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं, सेल्ट लोकायच्या कितीतरी आधीचं, पण मागून आलेल्या कथांनी तिथं देव राहाले आणून बसवले. आपल्याकडं नागपूरजवळ जुनापाणीची दगडी वर्तुळं नाहीत का, लोहयुगातली? माह्या मामाच्या वावरातही तसंच एक वर्तुळ हाय. मामा वखर आणते अन् तिथं बैलं आपसूक वळतात, इतकी वर्षं वळसा घालून त्यायलेही सवय झाली. वाट तिथूनच दे.

कपाशी:
दगडांचं एकदम पटलं. पण मोहफुलं फागुन-चैतातली, आणि त्यांचा साविन, म्हणजे दोन जगांतला पडदा पातळ होतो तो सण, ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा कापूस वेचणी असते, सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, तीही असते, आई वावरात दहीभात शिंपडते ते मला अजून दिसतं! पोरीला त्या सकाळी पाठव ना. आणि काळाचं म्हणशील तर आपला ककुद्मी राजा आहेच, रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला, गाणं संपेपर्यंत थांबला तर इकडे २७ चतुर्युगं उलटली. पण तो म्हातारा नाही झाला, ओशीनला मात्र सगळी वर्षं एकदम भरावी लागली. तुझी पोरगी काय भरणार ते आधी ठरव. मला तर असं दिसतं की ती बाहेर येते, ओटीतला कापूस अजून दवानं ओला, आणि समोर कपाशीच नाही, सोयाबीनचं कुटार पडलंय.

धुरेकरी:
ताई, अंगावर काटा आला. मोहफुलं काढली, सीतादही घेतली. टेकाडावरच्या भाऊ, मामाच्या वर्तुळात दगड किती हायेत?

टेकाडावरचा:
कधी मोजले नाही राजा. रविवारी जातो.