आग्या मोहोळ असेल तर थांबू नका

चढाईच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, कड्यावर माशा आल्या तर निश्चल थांबायचं. एखादी गांधीलमाशी भिरभिरत असेल तर ठीक, पण आग्या माशा उठल्यावर नाही! गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चढताना मनगटावर एक डसली, मी ती चिरडली आणि क्षणात आणखी सहा जणींनी धरलं. नांगीचा पिकल्या केळ्यासारखा वास बाकीच्यांना बोलावतो. काटा कातडीतच राहतो, विषाची पिशवी आकसत राहते. म्हणून नखाने, कसाही, पण लगेच काढा. पुढे झुकलेल्या खडकाखाली लोंबतं काळपट पोळं दिसलं, तर तो मार्गच सोडा. ओहोळात उडी नकोच, माशा वर घोंगावत राहतात. ओठ सुजले, धाप लागली तर लगेच १०८ लावा.