चर्चा : ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’ असे सांगत राहावे का?

अवकाशवेडा :

ऑगस्टचा मध्य आला की ‘तुम्हाला माहीत आहे का?’ अशा मथळ्याचा एक मजकूर दरवर्षी गटागटांतून फिरू लागतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले, तेथेच हेलियमचा शोध लागला आणि त्यांच्या दुर्बिणीसाठी बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ आजही किल्ल्यात आहेत, असा त्याचा गाभा असतो. माझे म्हणणे असे आहे की हा मजकूर आहे तसा पुढे पाठवणे आता थांबवावे. त्यातले ग्रहण खरे, ओटे खरे आणि लॉकियरही खरे. मात्र त्या दिवशी लॉकियर विजयदुर्गावर नव्हते, किंबहुना हिंदुस्थानातच नव्हते.

त्या ग्रहणासाठी कोण कोठे होते, याची नोंद उपलब्ध आहे. फ्रान्सचे पिएर जान्सेन आणि मेजर टेनंट गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला, कॅप्टन हेग विजापूरला, तर मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटातील, म्हणजे प्रकाश रंगांत फाकल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातील, तेजस्वी रेषा जान्सेन यांना इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसतानाही, त्या त्यांनी पुन्हा पाहिल्या. लॉकियर यांनी मागवलेला वर्णपटदर्शक मात्र रखडला होता. तो ऑक्टोबरात हाती आल्यावर २० तारखेला त्यांनी इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, त्याच रेषा पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, आणि पुढे फ्रान्सने दोघांच्या मुद्रा असलेले पदकही काढले.

आता ओट्यांविषयी. लॉकियर विजयदुर्गावर आले होते, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेलपोमेनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना निरीक्षणाचे काम शिकवून त्यांनी किल्ल्यावर आपला तळ मांडला होता. ओटे त्यांचेच असतील, तर ते त्या वर्षीचे असणार. आणि तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षे होत आली होती.

देवगडकर :

आपली माहिती मला अमान्य नाही, पण तिच्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही. १८६८ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा पश्चिम किनाऱ्यावरूनच पुढे विजापूर आणि गुंटूरकडे गेला, हे आपणही नाकारणार नाही. हेलियम गुंटूरला सापडला असे अनेक पुस्तके बिनदिक्कत लिहितात. त्याविरुद्ध कोणी चर्चा काढत नाही. मग काटेकोरपणाचा सारा भार आमच्या किल्ल्यानेच का वाहावा? गेली काही वर्षे १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो, शाळेची मुले पावसात किल्ला चढतात आणि एरवी केवळ आरमार आणि तोफा ऐकणाऱ्या कानांवर वर्णपट हा शब्द पडतो. तीस वर्षांच्या फरकाने एवढे काय बिघडले?

काटेकोर :

देवगडकरांचा गुंटूरविषयीचा मुद्दा रास्त आहे, पण तो त्यांच्या बाजूने जात नाही. गुंटूरलाही हेलियम सापडला नाही. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वर्णपटात ठरावीक जागी असतात. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर अगदी शेजारीशेजारी असतात, आणि वादातली, पुढे हेलियमची ठरलेली तिसरी रेषा ५८७.६ वर, म्हणजे हिरव्या रंगाच्या बाजूला किंचित सरकलेली. ग्रहणाच्या जेमतेम पाच-सहा मिनिटांत, ज्वाला वर्णपटदर्शकाच्या अरुंद फटीत धरून ठेवायची धडपड चालू असताना, हा फरक मोजणार कोण? ऑगस्टमधील निरीक्षकांपैकी अनेकांना पिवळी रेषा दिसली, आणि बहुतेकांनी ती सोडियमची समजून सोडून दिली.

फरक ध्यानात आला तो निवांतपणे मोजता येऊ लागल्यावर. वर्णपटदर्शक आकाशाचा उजेड सगळ्या रंगांत पसरवून फिका करतो, पण ज्वालेचा प्रकाश मोजक्या रेषांतच एकवटलेला असल्याने त्या रेषा तशाच तेजस्वी राहतात. म्हणूनच भर दिवसा, ग्रहणाविना, त्या दिसतात. ही युक्ती हाती आल्यावर लॉकियर यांनी ती रेषा सोडियमची नाही हे निश्चित केले, आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह प्रयोगशाळेत तपासूनही ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. म्हणजे हेलियम सापडला तो ग्रहणामुळे नव्हे, ग्रहणाची गरज संपल्यामुळे. ‘शोध’ हा शब्द कडकपणे वापरायचा तर तो १८९५ सालचा, विल्यम रॅम्झी यांनी युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा पाहिली तेव्हाचा म्हणावा लागेल.

फळा-खडू :

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि हा मजकूर वर्गात वापरतो, त्यामुळे देवगडकरांच्या बाजूने लिहीत आहे. काटेकोर यांनी वर दिलेले सारे बरोबर असेल, परंतु आठवीच्या मुलाला नॅनोमीटरपासून सुरुवात करून पाहा, तिसऱ्या वाक्याला वर्ग जांभया देऊ लागतो. आपल्या ओळखीच्या किल्ल्यावर सूर्यातले मूलद्रव्य सापडले, हे वाक्य ऐकताच तोच वर्ग ताठ बसतो. पुढचे दुरुस्त करता येते; पण मुळात ऐकतच नसलेल्या मुलाचे काय दुरुस्त करणार?

अवकाशवेडा :

सर, दुरुस्ती पुढे करता येते हे खरे, पण ती होत नाही, ही माझी तक्रार आहे. तो मजकूर दरवर्षी नवनव्या छायाचित्रांसह येतो आणि १८६८ तसेच राहते. शिवाय मुलांना विचारण्यासारखा एक साधा प्रश्न त्यात दडलेला आहे, ज्याला नॅनोमीटर लागत नाहीत : सूर्य पाहण्यासाठी कोणी शहाणा माणूस १८ ऑगस्टला कोकण किनारा निवडेल का? ऐन पावसाळ्यातले ते आभाळ. घाट ओलांडून जमखंडीला बसलेल्या हर्शेल यांनाही त्या दिवशी ढगांनी छळले. उलट जानेवारीत विजयदुर्गाचे आकाश कसे असते, हे देवगडकरांना मी सांगायला नको. १८९८ साली लॉकियर तेथे का आले, याचे उत्तर आठवीचा मुलगा स्वतः शोधून काढेल, आणि त्यासाठी त्याला जांभई येणार नाही.

त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या वेधशाळेचे नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच उतरले होते. कोकणापासून सोलापूरपर्यंत जगभरचे खगोलशास्त्रज्ञ एकाच दुपारी आकाशाकडे डोळे लावून बसले, ही हकिकत कोणी पुढे पाठवत नाही. खोट्या १८६८ ने खऱ्या १८९८ ला झाकून टाकले आहे, माझा राग त्यावर आहे.

देवगडकर :

पावसाचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि फलकावरचे साल बदलायला माझी हरकत राहणार नाही. मात्र त्यापुढे जाऊन हा दिवसच जानेवारीत न्यावा असे कोणी सुचवणार असेल, तर माझा विरोध कायम आहे. १८ ऑगस्ट ही त्या ज्वालांचा वर्णपट प्रथम पाहिला गेल्याची तारीख आहे, आणि ग्रहणाची सावली त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावरून गेली, एवढे कारण मला पुरेसे वाटते. लॉकियर यांचे नाव त्या दिवसापुरते गाळावे, जान्सेन यांचे घालावे आणि ओट्यांपाशी १८९८ ची वेगळी पाटी लावावी.

काटेकोर :

जान्सेन यांचे नाव घालाल तर त्याखाली ‘हेलियमचा शोध’ असे लिहू नका. त्यांनी ज्वाला ग्रहणाविना पाहण्याची रीत शोधली. नवीन मूलद्रव्याचा दावा त्यांचा नव्हता.