को-वर्किंग स्पेस नक्की कशाला म्हणायचं?

पेठेतला_वाचक
सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेची पाटी बदलली. आता 'को-वर्किंग स्पेस'. आत तेच प्लायवूडचे कप्पे, तीच 'शांतता राखा'ची सूचना, दर मात्र वाढलेला. एमपीएससीची मुलं आहेतच, मधूनमधून लॅपटॉपवालेही दिसतात. मालकाने पाटीवर काय लिहावं हा त्याचा प्रश्न. पण टेबल, खुर्ची, वायफाय भाड्याने मिळालं की झालं को-वर्किंग?

खराडीकर
झालं की! आमची कंपनी को-वर्किंगमध्येच बसते. अख्खा मजला आमचा, दारावर आमचंच नाव. एसी, साफसफाई, चहाचं मशीन जागा चालवणारे बघतात.

शब्दखोर
खराडीकर, तुमचं ते मॅनेज्ड ऑफिस. ऑपरेटर तोच असेल, बिलावरही को-वर्किंग लिहिलेलं असेल. पण शेजारच्या टेबलावर परका माणूस येऊच शकत नसेल, तर त्यात 'को' कुठला? एकाच कंपनीची माणसं एकत्र बसतात त्याला आपण आजवर ऑफिसच म्हणत आलो.

अमेरिकन गेम डिझायनर बर्नार्ड डीकोव्हन यांनी १९९९मध्ये को-वर्किंग हा शब्द वापरला तेव्हा त्यात जागा नव्हतीच. संगणकाच्या मदतीने, बरोबरीच्या नात्याने मिळून काम करण्याची पद्धत त्यांच्या डोक्यात होती. जागा आली २००५च्या ऑगस्टमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरने आठवड्यातले दोन दिवस एक जागा घेतली. स्वतःच्या मर्जीने काम करायचं, पण एकटं पडायचं नाही, एवढीच त्याची इच्छा. पहिला महिनाभर तिकडे कोणी फिरकलं नाही म्हणे.

तयार ऑफिस भाड्याने देण्याचा धंदा याच्या आधीचा. रीगस ही कंपनी १९८९मध्ये ब्रसेल्सला सुरू झाली. बंद केबिन, रिसेप्शन, फोन उचलायला माणूस. आपल्याकडे अशा जागांना बिझनेस सेंटर म्हणत. २०१०मध्ये न्यूयॉर्कात निघालेल्या वीवर्कने दोन्ही एकत्र कालवलं: बाहेर मोकळी टेबलं, आत काचेच्या केबिन. तेव्हापासून बाणेर काय, कल्याणीनगर काय, सगळ्यालाच एक नाव.

मी दोन गोष्टी बघतो. एकट्या माणसाला एकच खुर्ची मिळते का, दिवसाच्या किंवा महिन्याच्या बोलीवर? आणि शेजारी बसलेल्या, दुसऱ्याच धंद्यातल्या माणसाशी बोलायची मुभा आहे का? पहिलं नसेल तर मॅनेज्ड ऑफिस. दुसरं नसेल तर अभ्यासिका.

खराडीकर
बोलतं कोण? सगळे कानात हेडफोन घालून बसलेले असतात. तुमच्या हिशेबाने सगळ्या पुण्यात अभ्यासिकाच.

शब्दखोर
हेडफोन घालणं ही त्यांची मर्जी, अभ्यासिकेत गप्प बसणं हा नियम. क्लायंटचा फोन आला तर कुठे घेता ते सांगा. फोन बूथ, पॅन्ट्री, निदान गॅलरी असेल तर ठीक. जिन्यात जाऊन कुजबुजावं लागत असेल तर पाटी बदलून काही बदललेलं नाही. केबिनवाल्यांबद्दल मात्र मी ढिला आहे: चार जणांची कंपनी केबिनमध्ये बसते, पण चहाला बाहेरच्यांत मिसळते, तर माझी हरकत नाही.

करारनामा
कागदावरून निवाडा होईल असं वाटत असेल तर होत नाही. हॉट डेस्कची, म्हणजे ठरलेली खुर्ची नाही, रिकामी दिसेल तिथे बसायचं अशी मेंबरशिप साधारणपणे लायसन्स असते, म्हणजे १८८२च्या इझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ प्रमाणे जागा वापरायची नुसती परवानगी. जागेत हक्क तयार होत नाही. खराडीकरांचा मजलाही लायसन्सवर असू शकतो. फरक पडतो तो लॉक-इन (किती काळ जागा सोडता येत नाही ती मुदत) आणि डिपॉझिटमध्ये.

पेठेतला_वाचक
आणि कॅफे? लॅपटॉप उघडून चार तास बसणारे तिथेही आहेत.

शब्दखोर
तिथे पैसे कॉफीचे, खुर्ची वरकड. रविवारी सकाळी वैशाली हॉटेलात लॅपटॉप उघडून बघा. पुढची मंडळी खुर्चीला टेकूनच उभी असतात.

करारनामा
व्हर्च्युअल ऑफिस राहिलं. बरेच को-वर्किंगवाले तेही विकतात. त्यात पत्ता मिळतो, टपाल घेतलं जातं, जीएसटी नोंदणीला लागणारे जागेचे कागद मिळतात. खुर्ची मागितलीत तर डे पासचे पैसे वेगळे.