जोडव्याची झाळ बसत नाही, आणि चांदीच्या कामाची विक्री कशी सुरू करावी?

तूरवाली (मेहकर तालुका)

नमस्कार. आमची घरची पाच एकर कोरडवाहू शेती आहे. मागच्या दिवाळीनंतर मी खामगावच्या एका कारागीर काकांकडे आठवड्यातून दोन दिवस बसून चांदीचे काम शिकू लागले. जंतरातून (भोके असलेल्या पोलादी पट्टीतून) तार ओढणे, कानस चालवणे आणि साधा वेढा वळवणे मला आता जमते. परंतु जोडव्याचा सांधा झाळताना झाळेच्या (सांधा जोडणाऱ्या, चांदीआधी वितळणाऱ्या धातूच्या) तुकड्याची गोळी होते, ती सांध्यात शिरत नाही, आणि ज्योत थोडी जास्त वेळ धरली की वेढाच एका बाजूने खचतो. अशी अकरा जोडवी मी पुन्हा मुशीत टाकली आहेत.

दुसरा प्रश्न विक्रीचा आहे. गावातल्या बायका तोळ्याचा भाव तेवढा विचारतात, तर समाजमाध्यमांवर नक्षीची किंमत मिळते असे ऐकते. सुरुवात कुठून करावी? आणि हॉलमार्कशिवाय विकणे योग्य आहे का?

जुनी ऐरण (खामगाव)

ताई, आपल्या खामगावला लोक रजतनगरी म्हणतात, पण इथल्या प्रत्येक हाताने पहिल्या वर्षी हेच भोगले आहे, त्यामुळे अकरा जोडव्यांचे वाईट वाटून घेऊ नका.

चूक बहुधा ज्योतीत आहे. तुम्ही ज्योत झाळेवर धरता, म्हणून झाळ आधी वितळते आणि भोवतालची चांदी गार असल्याने तिथेच गोळी होऊन बसते. चांदी उष्णता फार लवकर पसरवते, त्यामुळे एका कोपऱ्याला ऊब देऊन भागत नाही. संपूर्ण वेढा कोळशावर ठेवून मऊ, रुंद ज्योतीने गोल फिरवत तापवावा लागतो. वेढा तापला की झाळ आपोआप उष्णतेकडे धावते आणि सांध्यावर क्षणभर एक चकाकती रेघ उमटते. ती रेघ दिसताच ज्योत काढून घ्या. ९२५ ची चांदी (हजारात ९२५ भाग चांदी) साधारण ८०० अंश सेल्सिअसपासून वितळू लागते आणि मध्यम झाळ ७०० ते ७५० च्या दरम्यान धावते, म्हणजे तुमच्या हाती फार थोडे अंतर असते. म्हणून हे काम भर उन्हात करू नका. अंधारलेल्या खोलीत चांदीचा मंद लाल रंग दिसतो, उन्हात तो दिसतच नाही.

सांधा झाळण्याआधी डोळ्यासमोर धरून पाहा. त्यातून उजेड दिसला तर तो झाळेने भरून निघेल अशी आशा करू नका, कानस घेऊन पुन्हा बसवा. सवागी (टाकणखार) पाण्यात उगाळून लावा, आणि त्यानंतर सांध्याला बोट लावू नका, कारण बोटाच्या तेलाने झाळ पुढे सरकत नाही. तार ओढतानाही दोन-तीन भोकांनंतर ती तापवून मऊ करून घ्या, नाहीतर ती कडक होऊन तुटते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या काही झाळांत कॅडमियम असते आणि त्याचा धूर फुप्फुसाला घातक असतो. विकत घेताना कॅडमियमविरहित झाळ मागा, आणि खिडकी उघडी ठेवून बसा.

तांड्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

विक्रीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या भागात कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की बायका चांदी घेतात, आणि पेरणीच्या तोंडावर बियाणे-खतासाठी तीच मोडतात. म्हणून त्या तोळ्याचा भाव विचारतात. त्यांच्या दृष्टीने दागिना ही पुंजी आहे, आणि मोडताना किती हाती येईल हे सांगणाऱ्यावरच त्यांचा विश्वास बसतो. माझी आई घुगरी आणि टोपली (आमच्या बंजारा बायकांचे केसांतले दागिने) घेताना नक्षीआधी वजन पाहत असे.

तेव्हा गावात विकताना बिलावर वजन, टंच (चांदीचा कस), त्या दिवसाचा भाव आणि मजुरी वेगवेगळी लिहा, आणि परत घेताना मजुरी व घट वजा करून काय द्याल हेही त्याच कागदावर मांडा. शहरातल्या ग्राहकासाठी मात्र नगावर किंमत ठेवा, कारण दोन ग्रॅमच्या कानातल्यात तुमचे तीन तास गेले तर तोळ्याच्या भावात ते कधीच वसूल होणार नाहीत. दोन्ही ग्राहकांना एकाच पद्धतीने विकू पाहाल तर दोघेही नाराज होतील.

हिशेबवही (अकोला)

चांदीचे हॉलमार्किंग सध्या ऐच्छिक आहे, त्यामुळे त्याविना विकणे बेकायदेशीर नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीसाठीही सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (हॉलमार्क केलेल्या प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) लागू झाला आहे, पण हॉलमार्क भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी केलेल्या विक्रेत्यालाच करून घेता येतो. तोपर्यंत बिलावर खरा टंच लिहा. झाळ भरपूर वापरली तर ९२५ च्या तारेचा दागिनाही वितळवल्यावर त्याहून खाली येतो, हे ध्यानात ठेवा.

दागिन्यांवर ३ टक्के जीएसटी आहे. मात्र राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात पाठवण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारून घ्या.

पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सोनारकाम आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज मिळते. अर्ज सामाईक सेवा केंद्रातून भरतात आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. काम प्रत्यक्ष करत असल्याचे दाखवावे लागते, म्हणून घडवलेल्या वस्तूंचे फोटो आजपासूनच तारखेसह जपून ठेवा.

तूरवाली

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दार लोटून, दिवा मालवून झाळले. बाराव्या जोडव्यावर ती रेघ दिसली. काकांनी ते नखाने ओढून पाहिले आणि काही न बोलता माझ्या हातावर परत ठेवले. आता एकच शंका आहे: टंच काढायला नेताना दागिना उजळून न्यावा की तसाच?

जुनी ऐरण

उजळलेला नेऊ नका. आम्लात उजळताना वरचे तांबे निघून जाते आणि पृष्ठभागावर चांदी जास्त उरते, त्यामुळे यंत्र प्रत्यक्षापेक्षा वरचा आकडा दाखवते. आतल्या बाजूला थोडे कानसून तिथेच टंच घ्यायला सांगा, आणि तोच आकडा बिलावर लिहा.